श्रद्धेच्या रकान्यात न मावणारा सैनिक

सनदी सेवेत असताना मी अनेक अंत्ययात्रांना सरकारच्या वतीने उभा राहिलो. त्यांपैकी एक अजून मनातून जात नाही. उत्तरेकडील एका डोंगराळ जिल्ह्याचा मी तेव्हा जिल्हाधिकारी होतो. सीमेवर कामी आलेल्या एका जवानाचे पार्थिव त्याच्या गावी यायचे होते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने नेहमीप्रमाणे सारी तयारी केली. जवळच्या छावणीतून मानवंदनेची तुकडी आली आणि तिच्याबरोबर नायब सुभेदार हुद्द्याचे धर्मशिक्षक आले. पलटणीच्या बोलीत त्यांना ‘पंडितजी’ म्हणतात.

जवानाचे वडील निवृत्त शाळामास्तर होते. ते माझ्याजवळ आले आणि अगदी शांतपणे म्हणाले, “मंत्र नकोत. मुलगा मानत नव्हता.” त्यांच्या हातात मुलाचे पत्र होते. मला काही झाले तर माझ्यासाठी पूजापाठ करू नका, असे त्याने त्यात लिहिले होते. गावातील ज्येष्ठ मंडळींना हे रुचले नाही. कुजबुज वाढली, दिवस मावळतीकडे झुकला. मी व्यवस्था पाहणारा माणूस. सगळे वेळेत आणि वादाविना पार पडावे एवढीच माझी चिंता. मी त्यांना बाजूला घेऊन म्हणालो, “मास्तरजी, दोन मंत्रांनी काय बिघडणार आहे?” त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि उत्तर दिले, “माझे काहीच बिघडणार नाही, साहेब. पण तो जे नव्हता, ते शेवटच्या दिवशी त्याच्या नावावर चढेल.”

त्या पेचातून आम्हाला पंडितजींनी सोडवले. त्यांनी पोथी पिशवीत ठेवली आणि वडिलांना विचारले, “मग आपण काय म्हणायचे?” वडिलांनी मुलाचे पत्र वाचून दाखवले. ते वाचन संपेपर्यंत पंडितजी सावधान स्थितीत उभे होते. मग बंदुकांच्या फैरी झडल्या, बिगुल वाजला आणि बापाने चितेला अग्नी दिला. माझ्या हातातील कागदावर मात्र ‘धर्म : हिंदू’ असे टंकलिखित होते. ते कोणी आणि केव्हा लिहिले, हे शोधण्याची ती वेळ नव्हती. मीही पुढे कधी शोधले नाही.

तो प्रसंग एका भल्या माणसाच्या शहाणपणामुळे निभावला. नियमात त्याच्यासाठी जागा नव्हती. जी गोष्ट त्या नायब सुभेदाराने आपल्या अकलेने केली, ती करण्याची सोय व्यवस्थेत का असू नये, हा माझा आजचा प्रश्न आहे.

आपल्या लष्करातील धर्मशिक्षकांची व्यवस्था बाहेरच्या लोकांना फारशी ठाऊक नसते. पाश्चात्त्य सैन्यांत ज्याला चॅप्लेन म्हणतात, त्याचेच हे आपले भारतीय रूप. भरतीच्या जाहिरातींत पंडित, गोरखा पलटणींसाठी पंडित, ग्रंथी, सुन्नी आणि शिया मौलवी, पाद्री आणि लडाखी पलटणींसाठी महायान परंपरेचे बौद्ध भिक्षू अशी पदे असतात. उमेदवार पदवीधर असावा लागतो आणि शिवाय त्याच्याकडे आपापल्या धर्मातील अधिकृत पात्रता असावी लागते. पाद्री असेल तर त्याला रीतसर दीक्षा मिळालेली हवी आणि स्थानिक बिशपच्या यादीत त्याचे नाव हवे. निवड झालेल्यांना पुण्यातील राष्ट्रीय एकात्मता संस्थेत प्रशिक्षण मिळते. तेथे पंडित, मौलवी, ग्रंथी आणि पाद्री एकत्र राहतात आणि एकमेकांचे धर्म समजून घेतात. जगातील फार थोड्या सैन्यांना अशी संस्था लाभली असेल. अनेक तळांवर एकाच छताखाली सर्वधर्मस्थळ असते आणि तेथील परेडला सगळे धर्म एका रांगेत उभे राहतात. या व्यवस्थेविषयी मला आदर आहे आणि हा लेख तिच्या विरोधात नाही.

पण धर्मशिक्षकाचे काम पूजेपुरते आणि सणांपुरते नसते. अंत्यविधीला हजर राहणे, रुग्णालयातील जखमी व आजारी सैनिकांची विचारपूस करणे, शिक्षा भोगत असलेल्या सैनिकांना भेटणे, सैनिकांच्या कुटुंबांच्या आणि मुलांच्या कल्याणाकडे लक्ष देणे ही त्याची नेमून दिलेली कामे आहेत. यादी पुन्हा वाचली की लक्षात येते, माणूस सर्वांत एकटा असतो अशा जागा यात आहेत: मृत्यू, आजार, तुरुंग आणि घरापासूनचा दुरावा. या जागी सैनिकाजवळ कोणीतरी असले पाहिजे, हे राज्यसंस्थेने मान्य केले आहे आणि त्यासाठी ती पगार देते. प्रश्न एवढाच की, ज्याचा कोणत्याही धर्मावर विश्वास नाही, त्याच्याजवळ कोण बसणार?

लष्करात शिरण्याच्या दारापाशी मात्र अशा माणसाची सोय आहे, हे फार थोड्यांच्या लक्षात येते. १९५४ च्या लष्करी नियमांत भरतीच्या शपथेचा मसुदा दिलेला आहे. त्यात ईश्वराच्या नावाने शपथ घेण्याचा किंवा गांभीर्यपूर्वक दृढकथन करण्याचा, असे दोन पर्याय आहेत. संविधानाशी निष्ठा, भूमार्गे, जलमार्गे वा आकाशमार्गे जिथे आज्ञा होईल तिथे जाणे आणि प्राणांवर बेतले तरी आज्ञा पाळणे, हे सारे वचन ईश्वराचे नाव न घेताही देता येते. म्हणजे प्राण देण्याचे वचन देताना देव ऐच्छिक आहे. ते वचन पाळून झाल्यावर तो गृहीत धरला जातो.

हे असे का झाले, याचे उत्तर इतिहासात आहे. १० जुलै १८०६ रोजी वेल्लोरच्या किल्ल्यात मद्रास लष्करातील शिपायांनी बंड केले. कपाळावरील गंध, दाढीमिशा आणि पागोटे यांविषयी काढलेले हुकूम त्याच्या मुळाशी होते. अर्धशतकानंतर काडतुसांच्या चरबीने त्याहून मोठा वणवा पेटवला. सैनिकाच्या धर्मात हात घालायचा नाही, हा धडा इंग्रजांनी १८५७ मध्ये पक्का घेतला. पण ते तिथेच थांबले नाहीत. जातीनिहाय आणि धर्मनिहाय पलटणी उभारून त्यांनी धर्माचा लष्करी शिस्तीसाठी उपयोग करून घेतला. शीख पलटणींत येणाऱ्याने अमृत घेऊन खालसा रूप धारण करावे, असा आग्रह ब्रिटिश अधिकारी धरत. श्रद्धेचा आदर आणि श्रद्धेची सक्ती यांतली रेषा त्या काळात अशी पुसट झाली. आज आपण जी परंपरा जपतो, तिचा काही भाग सैनिकांच्या जिव्हाळ्यातून आलेला आहे आणि काही भाग साम्राज्याच्या सोयीतून. दोन्ही भाग सारख्याच पवित्र भावाने सांभाळण्याचे कारण नाही.

संविधानकर्त्यांनी वेगळी वाट धरली होती. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी संविधान सभेत उद्देशिकेवर चर्चा सुरू असताना हरी विष्णू कामत यांनी तिचा प्रारंभ ईश्वराच्या नावाने व्हावा, अशी दुरुस्ती मांडली. कामत स्वतः आयसीएस सोडून स्वातंत्र्यलढ्यात उतरलेले गृहस्थ. त्यांचा हेतू निर्मळ होता. पट्टम थाणू पिल्लै यांनी हरकत घेतली की, यामुळे श्रद्धेची सक्ती होईल. हृदयनाथ कुंझरू यांनीही विरोध केला. सभेत बहुसंख्य आस्तिक होते, अध्यक्षस्थानी राजेंद्रप्रसाद होते आणि तरीही दुरुस्ती ४१ विरुद्ध ६८ मतांनी फेटाळली गेली. देव मानणाऱ्या माणसांनी देव न मानणाऱ्यांसाठी जागा राखल्याचा तो दिवस आपल्या इतिहासात पुरेसा सांगितला जात नाही.

त्याच उद्देशिकेत विश्वास, श्रद्धा आणि उपासना हे तीन वेगळे शब्द आले आहेत. अनुच्छेद २५ मध्ये सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आधी येते आणि धर्म मानण्याचे, आचरण्याचे व त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य त्यानंतर येते. तिसऱ्या अनुसूचीतील प्रत्येक शपथेला दृढकथनाचा पर्याय आहे. मंत्री, खासदार, न्यायाधीश असे सारे त्याचा लाभ घेऊ शकतात आणि अनेकांनी घेतलाही आहे.

पूर्वी अशा माणसाला किंमत मोजावी लागत असे. १८७२ च्या विवाह कायद्याखाली नोंदणी विवाह करू पाहणाऱ्यांना आपण हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी, बौद्ध, शीख, जैन यांपैकी कोणीही नाही, असे जाहीर करावे लागे. धर्म नाकारण्याची ती जणू सक्तीची पावती होती. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने ही अट उरू दिली नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी आणखी एक पाऊल टाकले. आपण कोणत्याही धर्माचे नाही अशी नोंद राजपत्रात व्हावी, ही काही नागरिकांची मागणी शासकीय मुद्रणालयाने नाकारली होती. न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांच्या खंडपीठाने स्पष्ट केले की, आपला कोणताही धर्म नाही असे म्हणण्याचा नागरिकाला अधिकार आहे आणि धर्म जाहीर करण्याची सक्ती सरकार करू शकत नाही. महाराष्ट्रातून आलेला हा निकाल साऱ्या देशाने वाचावा असा आहे.

तरीही सैन्याच्या संदर्भात हा प्रश्न सुटलेला नाही, हे गेल्या वर्षीच्या एका प्रकरणाने दाखवून दिले. एका घोडदळ परंपरेच्या रणगाडा रेजिमेंटमधील तरुण ख्रिस्ती अधिकाऱ्याने साप्ताहिक धार्मिक परेडमध्ये जवानांसोबत हजर राहण्यास नकार दिला नव्हता. पूजेच्या वेळी गाभाऱ्यात जाण्यातून सूट मागितली होती. त्याच्या तुकडीत शीख जवान होते. वरिष्ठांनी समजावले, पण तो ऐकेना. २०२१ मध्ये त्याला सेवेतून काढण्यात आले. दिल्ली उच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये ती कारवाई योग्य ठरवली. तुकडीचा नायक आपल्या माणसांच्या भावनांपासून अलिप्त राहू शकत नाही आणि वरिष्ठांचा कायदेशीर हुकूम धर्माच्या कारणाने नाकारता येत नाही, असा या निकालांचा आशय आहे.

या निकालाशी मी भांडू इच्छित नाही. अनुच्छेद ३३ अन्वये सशस्त्र दलांतील व्यक्तींच्या मूलभूत हक्कांवर संसद मर्यादा घालू शकते आणि शिस्तीशिवाय सैन्य उभे राहत नाही. पण सर्वोच्च न्यायालयातील सुनावणीत आलेल्या एका मुद्द्याने मला विचारात पाडले. त्या अधिकाऱ्याला एका पाद्रींनीच सांगितले होते की, सर्वधर्मस्थळात जाण्याने ख्रिस्ती श्रद्धेचा भंग होत नाही. न्यायालयाने या सल्ल्याची दखल घेतली आणि धर्मातील आवश्यक तत्त्वांना संरक्षण आहे, प्रत्येक भावनेला नाही, असा रोख दाखवला. म्हणजे माणसाच्या सद्सद्विवेकाचे माप त्याच्या धर्मशास्त्रावरून घेतले गेले. मग ज्याला धर्मशास्त्रच नाही, त्याने काय दाखवायचे? त्याच्याकडे ग्रंथ नाही, पाद्री नाही, ‘आवश्यक प्रथा’ नाही. त्याच्याकडे फक्त त्याचा प्रामाणिकपणा आहे. न्यायालयांनी घडवलेल्या या मोजपट्टीवर तो शून्य ठरतो आणि संविधानाने पहिल्यांदा ज्याचे नाव घेतले, ते सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य त्याच्या वाट्याला सर्वांत कमी येते.

बाहेरच्या देशांनी या प्रश्नाला वेगवेगळी उत्तरे दिली आहेत. नेदरलँड्सच्या सशस्त्र दलांत १९६० च्या दशकापासून मानवतावादी समुपदेशक आहेत. प्रोटेस्टंट, कॅथलिक, ज्यू, मुस्लिम आणि हिंदू धर्मसेवकांच्या बरोबरीने ते काम करतात. सुरिनाममधून तेथे गेलेल्या भारतीय वंशाच्या कुटुंबांतील सैनिकांसाठी डच लष्करात पंडितही आहेत, हे आपल्याकडे अनेकांना नवल वाटेल. या मानवतावादी समुपदेशकांना युट्रेक्ट येथील मानवतावादी अध्ययनाच्या विद्यापीठात शिक्षण मिळते. त्यांचे वेतन संरक्षण मंत्रालय देते, पण सैनिकाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट ते वरिष्ठांना सांगत नाहीत. कॅनडाने २०२२ मध्ये आपल्या सैन्यात पहिला मानवतावादी चॅप्लेन नेमला.

अमेरिकेचे चित्र उलट आहे. तेथे चॅप्लेनची प्रथा १७७५ इतकी जुनी. कायदा बराच उदार: सक्तीच्या लष्करभरतीच्या काळात सर्वोच्च न्यायालयाने १९६५ आणि १९७० च्या निकालांत मान्य केले की, युद्धाला नकार देणाऱ्याची मनोभूमिका ईश्वरावर आधारलेली नसली, तरी ती तितकीच खोल असेल तर तिला संरक्षण मिळेल. २०१४ पासून लष्कराच्या नोंदीत ‘मानवतावादी’ असे लिहिता येऊ लागले. पण मानवतावादी चॅप्लेन नेमण्याचा प्रस्ताव प्रतिनिधिगृहाने २०१३ मध्ये फेटाळला आणि नंतर आलेला एक अर्जही नौदलाने नाकारला. कारण चॅप्लेन होण्यासाठी एखाद्या धार्मिक संस्थेची शिफारस लागते. रकाना मिळाला, माणूस मिळाला नाही. आपण या उदाहरणातून शिकायला हवे.

आपल्याकडे यावर तीन आक्षेप येतील आणि तिन्हींत तथ्य आहे.

पहिला आक्षेप संख्येचा. २०११ च्या जनगणनेत सुमारे २८ लाख ६७ हजार लोकांनी धर्म सांगितला नव्हता. लोकसंख्येच्या एक टक्क्याच्या पाव हिश्श्याहूनही हे प्रमाण कमी. स्पष्टपणे नास्तिक म्हणून नोंदले गेलेले तर सुमारे ३३ हजारच होते. त्यांत महाराष्ट्राचा वाटा सर्वाधिक होता. एवढ्या थोड्यांसाठी व्यवस्था कशाला? माझे उत्तर असे की, शिया मौलवी आणि बौद्ध भिक्षू यांची पदे लष्कराने डोकी मोजून निर्माण केली नाहीत. जिथे तशा श्रद्धेचा जवान आहे, तिथे त्याची गरज मानली. शिवाय जिथे रकानाच नाही, तिथली गणती कधीच खरी नसते. गावात, घरात आणि पलटणीत वेगळेपणा लपवणे हाच शहाणपणा ठरत असेल, तर आकडा लहानच दिसणार.

दुसरा आक्षेप एकजुटीचा. पलटणीचा जयघोष, तिचे दैवत आणि तिचा सण यांतून जवान एकमेकांशी बांधले जातात. त्यात एकजण बाजूला उभा राहिला तर? ही चिंता मला पटते. मराठा लाइट इन्फंट्रीचा जवान शिवाजी महाराजांचा जयजयकार करत चढाई करतो, तेव्हा त्या आरोळीत इतिहास, अभिमान आणि आपलेपणा असतो. पण महार रेजिमेंट ‘बोलो हिंदुस्तान की जय’ म्हणत लढते, त्या घोषणेत देवाचे नाव नाही आणि तिच्या शौर्यात काही उणे पडलेले नाही. एकजूट कशानेही होते, जर तिच्यात आपण आहोत असे प्रत्येकाला वाटत असेल. आणि सोबत उभे राहणे व पूजा करणे यांत फरक आहे. माझ्या त्या पंडितजींनी मंत्राविना सावधान उभे राहून तो फरक शिकवला. नास्तिक जवानाने आपल्या सोबत्याच्या पूजेच्या वेळी तसेच सावधान उभे राहावे, एवढी अपेक्षा त्याच्याकडूनही रास्त आहे.

तिसरा आक्षेप असा की, धर्म न मानणाऱ्याला धर्मसेवक कशाला हवा, त्याने मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. लष्कराने समुपदेशकांची सोय वाढवली आहे, हे चांगलेच आहे. पण दुःख हा आजार नव्हे. सोबती डोळ्यांसमोर गेला, आपल्या गोळीने कोणी मेला, पाय गमावला, तेव्हा ‘हे सारे कशासाठी’ असा जो प्रश्न पडतो, तो औषधाच्या चिठ्ठीने सुटत नाही. शिवाय मनोविकारतज्ज्ञाकडे गेल्याची नोंद वैद्यकीय कागदांवर होईल आणि आपली श्रेणी घसरेल, ही भीती सैनिकाला असते. धर्मशिक्षकाशी पारावर बसून बोलण्यात ती भीती नाही. आस्तिक जवानाला ही मोकळीक आहे. दुसऱ्यालाही ती असावी.

इंग्रजीत अशी एक म्हण प्रचलित आहे की, खंदकात कोणी नास्तिक नसतो. मृत्यू समोर आला की सारे देवाचा धावा करतात. भारतीय माणसाने तरी ती म्हणू नये. भगतसिंगांनी १९३० मध्ये लाहोरच्या तुरुंगात आपल्या नास्तिकतेविषयी निबंध लिहिला, तेव्हा फाशी समोर दिसत होती. शेवटच्या दिवसांत तूही देव मानू लागशील, असे एका स्नेह्याने सुचवले असता भीतीपोटी प्रार्थना करणे आपण कमीपणाचे मानू, अशी भूमिका त्यांनी त्या निबंधात घेतली. २३ मार्च १९३१ रोजी ते फासावर गेले. ज्या देशात त्यांची तसबीर घराघरांत आहे, त्या देशात नास्तिक माणूस देशासाठी मरू शकतो का, हा प्रश्न उरत नाही. चार्वाकांपासून आगरकरांपर्यंत आणि पेरियारांपर्यंत आपल्याकडे निरीश्वर विचाराची परंपरा आहे. ही आयात केलेली वस्तू नाही.

इथे आणखी एक आठवण सांगावीशी वाटते. ब्रिटिश संसदेत भारताची बाजू मांडणारे चार्ल्स ब्रॅडलॉ तरुणपणी ड्रॅगून गार्ड्‌समध्ये शिपाई होते आणि कट्टर नास्तिक होते. १८८० मध्ये निवडून आल्यावर शपथेच्या प्रश्नावरून सभागृहातील आपल्या जागेसाठी त्यांना सुमारे सहा वर्षे झगडावे लागले. १८८८ चा शपथ कायदा त्यांच्याच प्रयत्नांतून झाला आणि दुसऱ्याच वर्षी ते मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला आले. १८९१ मध्ये त्यांच्या अंत्यविधीला लंडनमध्ये शिकणारे तरुण गांधी गेले होते. काही पाद्रीही अखेरचा मान देण्यासाठी आले होते, अशी नोंद गांधीजींनी आत्मकथेत केली आहे. श्रद्धावानांना अशी वागणूक जमते, याचा हा जुना पुरावा आहे.

आता व्यवहाराचे बोलू. माझ्या मते तीन गोष्टी करता येतील आणि त्यांपैकी एकीलाही नवा कायदा लागत नाही.

एक, सैनिकाच्या सेवापुस्तकात धर्माच्या रकान्यात ‘कोणताही धर्म नाही’ आणि ‘सांगू इच्छित नाही’ हे दोन पर्याय स्पष्टपणे असावेत. आडनाव पाहून कारकुनाने तो भरू नये. नोंद पुढे केव्हाही बदलता यावी. त्याबरोबर अंत्यविधीविषयीच्या इच्छेचा एक स्वतंत्र, मोहरबंद कागद असावा. आपल्या पैशांचा वारस कोण, हे आपण सैनिकाकडून लिहून घेतो. आपल्या देहाजवळ काय बोलले जावे, हेही त्याला लिहू द्यावे. आस्तिक जवानालाही याचा उपयोग होईल.

दोन, पुण्याच्या संस्थेतील प्रशिक्षणात धर्म न मानणाऱ्या सैनिकाशी कसे बोलावे, त्याच्या अंत्यविधीला काय करावे, याचा एक पाठ असावा. दुसऱ्या टप्प्यात प्रत्येक कमांडच्या मोठ्या लष्करी रुग्णालयात प्रायोगिक तत्त्वावर एक निधर्मी समुपदेशक नेमावा. हुद्दा आणि गोपनीयता धर्मशिक्षकाइतकीच. त्याची निवड मात्र कोणत्याही नास्तिक संघटनेच्या शिफारशीवर करू नये. अमेरिकेत धार्मिक संस्थेच्या शिफारशीची अट अडसर ठरली. आपण तिची उलटी आवृत्ती काढली, तर नास्तिकांचाही एक पंथ आणि त्याचे मठाधिपती तयार होतील. तत्त्वज्ञान, समाजकार्य किंवा समुपदेशन या विषयांतील पदवी आणि पलटणीतील काही काळाचा अनुभव एवढी पात्रता पुरे.

तीन, धार्मिक परेडविषयी लष्कराने स्वतः स्थायी सूचना काढावी: अधिकाऱ्याची उपस्थिती अनिवार्य, पूजेची कृती ऐच्छिक. न्यायालयाने लष्कराचा हुकूम देण्याचा अधिकार मान्य केला आहे. तो अधिकार कसा वापरावा, हे ठरवणे अजूनही लष्कराच्याच हाती आहे. जे धोरण सैन्य स्वतः आखते, ते टिकते. न्यायालयाने लादलेले धोरण कुरकुरत पाळले जाते, हे मी प्रशासनात पुष्कळ वेळा पाहिले आहे.

या सूचना किरकोळ आहेत, हे मला माहीत आहे. एक रकाना, एक पाठ, काही मोजकी पदे. संरक्षण खात्याच्या अंदाजपत्रकात त्यांचा खर्च शोधूनही सापडणार नाही. पण सरकार नागरिकाला ओळखते ते कागदावरून. अखेरच्या दिवशी तर तो स्वतः बोलायला नसतो, कागदच बोलतो. तो कागद खरा असावा, ही मागणी फार मोठी नाही.

त्या संध्याकाळी परत निघताना मी मास्तरांची क्षमा मागायला हवी होती. मी मागितली नाही. मोटारीत बसलो आणि मुख्यालयाला ‘अंत्यसंस्कार शांततेत पार पडले’ असा संदेश धाडला. पंडितजी मात्र आपल्या तुकडीचा ट्रक सुटेपर्यंत मास्तरांच्या शेजारी बाकावर बसून होते. काय बोलत होते, मला ऐकू आले नाही. कदाचित काहीच बोलत नसतील.